खरखर थांबली की चहा

बाबा, आपलं रेडिओ केंद्र बंद झालं. ट्रान्समीटर मीच बंद केला, तू शिकवलेल्या क्रमाने, आणि मग हात धुऊन डबा खाल्ला. वाईट वाटेल, वाईट वाटेल म्हणून सगळे माझं तोंड बघत होते. काही वाटलं नाही. तू गेलास तेव्हाही वाटलं नव्हतं, म्हणजे माझ्यात तशी सोयच नसावी.

तुझ्या वेळी केंद्र म्हणजे सड्यावरची दोन खोल्यांची इमारत आणि शेजारी तो उंच टॉवर. पार्से गावची भजनी मंडळी टेम्पोतून पेटी-तबला घेऊन यायची, फुगडीवाल्या बायका माइकसमोर लाजून मुक्या व्हायच्या, आणि निवेदक काजूचा भाव असा सांगायचा, जणू घरात कुणी वारलंय. मी एकदा टॉवरच्या कुंपणातून हात आत घातला, तर कानाखाली सणसणीत दिलीस. "कोळसो जातलो तुझो!" म्हणालास. परतताना पेडण्याच्या बाजारात भजी घेऊन दिलीस, तीही रागातच.

आईचा रेडिओ मात्र निराळा. पहाटे तू स्कूटर काढलीस की ती रेडिओ लावून बसते. आत नुसती खरखर. पोदेर दारावर पाव, उंडे देऊन गेला तरी चहा नाही. तू सड्यावर पोचून ट्रान्समीटर लावतोस. कार्यक्रमाला अजून वेळ असतो, पण खरखर एकदम गप्प होते. "पावलो एकदाचो," म्हणते ती आणि मग आधण ठेवते. गाणी-बातम्यांशी तिला काडीचं देणंघेणं नव्हतं. पुढे मी तिथेच कंत्राटावर लागलो, तेव्हा माझ्यासाठीही तशीच बसू लागली. फोन करतो म्हटलं, तर हसली.

मग लोक मोबाईलवर गेले, ट्रान्समीटरचे सुटे भाग मिळेनासे झाले आणि वरून हुकूम आला. कायम होते त्यांची बदली झाली. मला "कळवू" म्हणाले. आईला खरं सांगितलं असतं, तर त्या दुखऱ्या गुडघ्यांनी ती परत काजूच्या कारखान्यात गेली असती. म्हणून म्हटलं, पणजीच्या ऑफिसात घेतलंय. रोज त्याच वेळी निघतो, पेडण्याच्या बसस्टँडवर बसतो आणि फोन करतो, "आई, पोचलो." "बरा," म्हणते ती. मग दिवस काढायचा.

काल संध्याकाळी माझ्यापुढे ताट ठेवून म्हणाली, "ऑफिसात कंडक्टर कशाक बोंबलता रे? रोज तुझ्या मागे म्हापसा, म्हापसा! पैल्या दिसापासून ऐकतंय." मी भात कालवत राहिलो. आमटी वाढून म्हणाली, "उद्या निजून रव."

आता तरी रडू येईल असं वाटलं. आलं नाही. आमटी परत मागून घेतली.

हे तुला पाठवता आलं असतं तरी पाठवलं नसतं. तू पहिलं हेच विचारलं असतंस, "सध्या काय करतंस रे?" आणि मी तुलाही सांगितलं असतं, पणजीला लागलोय म्हणून.