पडदा चालू, बाई बाहेर

३ जुलै
ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.
पडद्यावर बोलता आलं असतं, पण मागे आमचे मुख्याध्यापक कान टवकारून असतात, म्हणून पत्र. देशोदेशीचे वर्ग व्हिडिओवर जोडायच्या योजनेत मी माझ्या इकडच्या परदेशी वर्गासोबत तुझा गावाकडचा वर्गही घुसवलाय. शाळा बंद करायला टपलेले तुमचे शिक्षणखात्याचे साहेब हे बघून तरी गप्प बसतील. पोरांना जरा तयार कर.
आम्ही मजेत. लोभ आहेच, ओरडा कमी असावा.
तुझा धाकटा

१९ जुलै
चि. धाकट्यास,
अ. उ. आ.
अरे, तयार म्हणजे काय, घासूनपुसून लख्ख केलीत! कोणी कधी उठायचं, कुठे हसायचं, काय विचारायचं, सगळं तोंडपाठ. छत कोसळलं तरी हलणार नाहीत. मी मात्र रोज हजेरीतल्या मुली मोजतेय. शाळा गेली तर निम्म्या मुली घरीच बसतील, लांबच्या शाळेत त्यांना कोण धाडतंय?
साहेब पहिल्या बाकावर असतील. तुझे पांचट विनोद आवर. बायकोला आशीर्वाद सांग, माया आहे तशीच राहू दे.
तुझी ताई

२ ऑगस्ट
ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.
काय वर्ग झाला गं! माझ्या एका कार्ट्याने विचारलं, ती खरी मुलं आहेत की फोटो? पण तू मध्येच कुठे गडप झालीस? साहेब काय म्हणाले? जीव टांगणीला लागलाय. लवकर लिही, एवढा लोभ कर.
तुझा धाकटा

९ ऑगस्ट
चि. धाकट्यास,
अ. उ. आ.
चित्र अडकत होतं, म्हणून मी तास संपेपर्यंत गच्चीवर वायर धरून उभी! इकडे साहेबांनी पाहिलं की बाई नसतानाही वर्ग सुतासारखा सरळ. इतके खूश झाले की शाळा वाचली. बाई तेवढी जास्तीची ठरली. सोमवारपासून माझ्या पोरांना पडद्यावरून तू शिकवायचंस आणि मी यंत्र चालू करून पुसायचं. रडले रे, खोटं कशाला सांगू? त्यांना इतकं पढवायला मलाच कोणी सांगितलं होतं?
जाता जाता साहेब म्हणाले, यंत्र बंद पडलं तर तेवढा तास तुम्ही घ्या. त्यांना वाटलं, माझी समजूत घातली.
तेव्हा सोमवारी तू तोंड उघडताच पडद्यावर अंधार झाला तर घाबरू नकोस. यंत्र बिघडल्याची तक्रार मात्र साहेबांना अगदी कळवळून लिही, आणि दर आठवड्याला लिही.
लोभ वाढवावा, आवाज बेताचा ठेवावा.
तुझी ताई