बारा दिवसांची गोधडी

जयगड, ता. रत्नागिरी
६ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. रुपालीस,

अनेक आशीर्वाद. इकडे मी ठीक आहे. तू आणि बाळ बरी असाल असं धरून चालतो.

परवा रितेशरावांचा फोन आला. मुलगी झाली, दोघी सुखरूप, पंधरा तारखेला बारसं, एवढं बोलले आणि ठेवला. त्यांनी फोन केला हेच पुष्कळ. तीन वर्षांपूर्वी मी त्यांना आपल्या दारातून कसं घालवलं ते मला आठवतं, म्हणजे त्यांना आठवत असणारच. फोन झाल्यावर मी दुकानावर जाऊन किलोभर साखर घेतली. दुकानदार म्हणाला, कसली साखर वाटताय? मी म्हटलं, चहाची. आजोबा झालो हे सांगायला तोंड हवं ना.

नवीन काही नाही. गुडघ्यामुळे होडीवर जायचं सोडलं. आता जेटीवर बसून लोकांची फाटकी जाळी सांधतो. चाळीस वर्षं हात तेच करतोय म्हणून अजून कोणी ना कोणी बोलावतं. तुझी बोकी मांजर गणपतीत गेली, शेवटी तिला दिसत नव्हतं. शेजारच्या गोदावहिनी रोज एक वाटी कालवण आणि दोन टोमणे देतात, त्यावर दिवस निघतो.

पत्र अशासाठी की फोन तू उचलत नाहीस. तक्रार करत नाही, मीही उचलला नसता. सांगायचं ते वेगळंच आहे. मी बाळासाठी गोधडी शिवायला घेतली आहे.

हसू आलं असेल तर हस. बाळ यायच्या आधी त्याचं काही शिवून ठेवत नाहीत, हे तुला ठाऊक आहे. म्हणून कालच सुई हातात धरली. बारशापर्यंत मोजून नऊ दिवस उरले. गोदावहिनी म्हणाल्या, "द्या माज्याकडं, चार दिसांत काढून देतय." मी दिली नाही. जाळं सांधणाऱ्याला चार कापडं शिवायला जड काय, असं म्हणालो. 

साड्या आईच्या आहेत, तीन. तिने स्वतः धुऊन, घड्या घालून वेगळ्या पिशवीत ठेवलेल्या. पोपटी आहे ती तू दहावी पास झालीस तेव्हा नेसली होती. जांभळी तिच्या भावाने दिलेली. तिसरी तिची बाजारात मासळी विकायला बसायची साडी. गोदावहिनी म्हणतात वास गेलाय, मला येतो.

आई शेवटपर्यंत तुझं नाव घेत होती. हे तुला कोणीतरी सांगायला हवं होतं, म्हणून लिहिलं.

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ते झालं नाही. निदान गोधडी तरी माहेरची असावी. बारशाला बोलाव असं मी म्हणत नाही. गोधडी घेतलीस तरी पुरे.

तुझे बाबा


जयगड
१० नोव्हेंबर

चि. रुपालीस,

आशीर्वाद. पहिलं पत्र मिळालं असेल किंवा टपालात फिरत असेल. उत्तर नाही, ते येईल असं धरलंही नव्हतं.

गोधडीचं हसं झालं. तुला लिहावंसं नव्हतं, पण दुसरं कोणाला लिहू.

चार दिवस मी मान वर न करता शिवत होतो. तीन साड्यांचे थर नीट एकावर एक पसरले, कडा दुमडल्या, कोपऱ्यापासून कडेकडेने आत आत येत चाललो. ओळ सुतात होती. मी मनात खूश. काल गोदावहिनी वाटी घेऊन आल्या आणि गोधडीखालून हात फिरवला. मग मला म्हणाल्या, "जानूभावजी, पोरीला हिच्यात निजवायची हाय, का जाळ्यात बांगड्यासारखी धरायची हाय?"

मी टाक्याटाक्याला गाठ मारली होती. जाळ्यात तसंच असतं. एक गाठ तुटली तर पुढची धरून ठेवते, नाहीतर एका भोकातून सगळं जाळं उसवत जातं. हात आपोआप तेच करत गेला, मला कळलंसुद्धा नाही. गोधडीला गाठ लागते ती फक्त दोरा सुरू करताना आणि संपवताना. मधे नुसता धावदोरा, तोही सैल, म्हणजे कापड अंगाबरोबर हलतं. माझ्या गोधडीला खालून हजार खडे होते. मी पालथी घालून गाल टेकवून पाहिला. बाळाच्या पाठीचं काय झालं असतं ते कळलं.

उसवायला बसलो तर गाठी सुटेनात. सुटू नयेत म्हणूनच तर हात तयार केलेला. शेवटी ब्लेडने कापत सुटलो. आईच्या साड्या नेसून नेसून विरलेल्या, ब्लेड लागेल तिथे फाटत होत्या. पोपटी तर मधोमध गेली. तिचे दोन हात लांबीचे तुकडे हाती राहिले. ते घेऊन मी तसाच बसून होतो. गोदावहिनी वाटी ठेवून गेल्या.

आज पुन्हा सुरुवात केली आहे. गोधडी आता आखूड होणार, बाळ वर्षाचं होईस्तोवरच पुरेल. पाच दिवस आहेत. खरं सांगू, होईल असं वाटत नाही. डोळ्यांना संध्याकाळी दोरा दिसत नाही आणि हाताला चाळीस वर्षांची खोड आहे. दर चार टाक्यांनी गाठ मारायला बोट वळतं आणि मला त्याला थांबवावं लागतं.

शिवताना माणूस गप्प असतो, मग डोकं नको तिकडे जातं. आई गेल्याचं तेराव्यानंतर तुला कळवलं, ते रागाने. दुसरं कारण नव्हतं. तू परक्या जातीत लग्न केलंस आणि माझ्यापेक्षा त्या वायरिंगवाल्या पोराचं ऐकलंस, एवढ्यावर मी तुझ्या आईला अग्नी देताना तुला लांब ठेवलं. लोक म्हणाले पोरीला कळवा. मी म्हटलं, मला पोरगी नाही. या गावात हे सगळ्यांना ठाऊक आहे, तुलाही कळलं असेल. माझ्या हाताने लिहिलेलं असावं म्हणून लिहितो. मी चुकलो.

दवाखान्यातलं मात्र. ते राहू दे, दिवा गेला आहे.

गोधडी झाली तर एसटीने पाठवीन.

तुझे बाबा


जयगड
१४ नोव्हेंबर, दुपार

रुपाली,

रितेशराव गोदावहिनींकडे चहा घेत बसले आहेत. त्यांना सांगितलं, दोन ओळी लिहून देतो. दोन ओळीत होणार नाही. न्यायला येतो असा काल त्यांचा फोन आला होता, तरी हातखंब्याहून दुकान बंद ठेवून ते खरंच आले आहेत, हे मला अजून खरं वाटत नाही. दारात वाकून पाया पडले आणि पहिल्यांदा मला बाबा म्हणाले.

पेढे दिले, बाळाचा फोटो दाखवला. कपाळ तुझ्या आईचं आहे. तू दोन्ही पत्रं वाचलीस म्हणाले. उद्या बाळाला या गोधडीवर ठेवूनच पाळण्यात घालणार आणि बाबांना सोबत घेऊनच या असं सांगितलंस म्हणाले. पुढे त्यांनी तुझे शब्द जसेच्या तसे सांगितले, "आई माझी वाट बघत गेली, हे बाबांनी लिहिलं. मी तेवढ्यावर सगळा राग सोडला."

मी चूळ भरायच्या निमित्ताने मागच्या पडवीत गेलो. बॅग भरलेली होती, पांढरा सदरा इस्त्रीचा होता. गेल्या चार दिवसांत मी गाठ न मारता शिवायला शिकलो होतो आणि मला वाटायला लागलं होतं की जमेल. ते वाक्य ऐकल्यावर मला कळलं की मी येऊ शकत नाही.

पहिल्या पत्रात लिहिलं ते अर्धं आहे. आता उरलेलं वाच, आणि उद्या बाळाला गोधडीवर ठेवण्याआधी वाच.

दवाखान्यात शेवटून तिसऱ्या दिवशी आईने माझा हात धरला. सगळं अंग पिवळं पडलेलं, आवाज नव्हता. म्हणाली, "रुपालीला बोलवा. एकदा बघूदे." तुझा नंबर तिने चिठ्ठीवर लिहून उशीखाली ठेवला होता. चिठ्ठी घेऊन मी बाहेर गेलो. खिडकीपाशी उभं राहून फोन कानाला लावला. नंबर दाबला नव्हता. तिच्या खाटेवरून मी दिसत होतो, म्हणून तसाच उभा राहिलो, ओठ हलवले, मान हलवली. मग आत येऊन तिला सांगितलं, "नाय येत बोल्ली."

रुपाली, मी हे केलं. तू विचारशील का केलंत. मला वाटत होतं आई बरी होऊन घरी येईल आणि मग तुम्ही दोघी एक व्हाल आणि मी एकटा पडेन. मरेल असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, मी धरलं नव्हतं. हे कारण आहे, याला माफी मागता येत नाही म्हणून मागत नाही.

आई रडली नाही. म्हणाली, "बरोबर हाय तिचा." मग भिंतीकडे तोंड केलं. तुझं नाव ती त्यानंतरही घेत होती, पण वाट बघत नव्हती. तिने वाट बघायचं त्या दुपारी सोडलं. पुढचे दोन दिवस दरवाजा वाजला तरी तिने मान वळवली नाही. मी शेजारी बसून हे बघत होतो. एकदा तोंड उघडलं असतं तर तू दीड तासात पोचली असतीस. दोन दिवस होते माझ्याकडे.

शेवटच्या सकाळी तिने मला साड्यांची पिशवी कुठे आहे ते सांगितलं. म्हणाली, "तिला पोर झाला की गोधडी शिवून द्या. माजी म्हणून सांगू नका. ती घ्यायची नाय."

ती हे मनात ठेवून गेली. तू राग सोडलास, पण ज्यासाठी सोडलास ते झालंच नव्हतं. गप्प राहून उद्या मी तुझ्या घरी पाटावर बसलो असतो, बाळ मांडीवर घेतलं असतं, सगळ्यांनी मला आजोबा म्हटलं असतं. दवाखान्यात केलं तेच पुन्हा केलं असतं. चोरून मिळालेलं पुन्हा नको.

गोधडी आज सकाळी संपत आली होती. मधल्या चौकोनाला चार बोटं तोंड उरलं तेव्हा गोदावहिनी मूठभर तांदूळ घेऊन आल्या. रिकाम्या पोटी गोधडी बंद करायची नसते, पाच दाणे आत टाकून लेकीचं नाव घ्यायचं आणि मग शेवटचा टाका घालायचा, असं त्यांनी सांगितलं. तेव्हा मला वाटलं, रितेशराव यायच्या आत बंद करून टाकू. दाणे हातात घेतले आणि टाकता आले नाहीत.  एवढं लपवून तुझं नाव घेता येईना.

म्हणून गोधडी तशीच पाठवतो आहे. सुई दोऱ्यासकट मधे टोचून ठेवली आहे, तिच्यावर कागद गुंडाळलाय, बाळाला लागू देऊ नकोस. तांदूळ पुडीत आहेत. तुला वाटलं तर तू बंद कर. नाही वाटलं तर पोपटी तुकडे तेवढे काढून घे आणि बाकीची टाक, माझं काही म्हणणं नाही. दोन ठिकाणी गाठी राहिल्या आहेत, उजव्या कडेला. कापायला गेलो तर साडीच गेली असती. तिथे बाळाचे पाय येतील असं बघ.

रितेशरावांना मी गुडघा दुखतोय असं सांगतो आहे. हे माझं शेवटचं खोटं. त्यांना यातलं काही माहीत नाही, त्यांच्यावर रागावू नकोस. माणूस चांगला आहे, मला ते ओळखायला तीन वर्षं लागली आणि उपयोग काही झाला नाही.

उत्तर लिहू नकोस. फोन करू नकोस. मी कधी हातखंब्याला उतरलो तरी तुझ्या दाराकडे वळणार नाही, तेवढी खात्री बाळग. बाळ मोठं झालं आणि तिने विचारलं तर आजोबा होडीवर गेले म्हणून सांग.

गोधडी मात्र आईची आहे. तिने सांगू नका म्हटलं होतं, मी सांगतो आहे. तिला वाटत होतं तू घेणार नाहीस. ते माझ्यामुळे वाटत होतं.

पत्र संपवताना बाळाला आशीर्वाद लिहायचे असतात. माझे लिहीत नाही.

बाळाला आजीचे अनेक आशीर्वाद.

जानू