चार्ज यादीतली कळशी

माय,

तुझ्या नातीच्या हाडांचा रिपोर्ट आणि डोंगरातल्या मोलगीला कृषी सहायक म्हणून तिच्या नेमणुकीचं पत्र, दोन्ही एकाच आठवड्यात घरात आलं, म्हणून लिहायला बसले. तू गेल्याला बरीच वर्षं झाली. शाळेत नोकरीला असताना मी पाठांची टाचणं काढली, शेरे लिहिले, पालकांना नोटिसा पाठवल्या. तुला मात्र एक ओळ लिहिली नाही. आता तू वाचणार नाहीस, तेव्हा सरळ लिहिता येईल.

गेल्या पावसाळ्यात ती सकाळी खोकत होती. तिचा सकाळचा खोकला तुला आठवत असेल, कफ सुटेपर्यंत चालणारा. खोकता खोकता ती एकदम थांबली आणि कुशीला हात धरून खाली बसली. खोकल्यानं बरगडी मोडली होती. एकतीस वर्षांची मुलगी, पडली नाही, आपटली नाही. तिच्या आजाराचं नाव तू असतानाच कळलं होतं, सिस्टिक फायब्रोसिस. तू त्याला ‘चिकट कफनं दुखनं’ म्हणायचीस आणि ते काही चूक नव्हतं. पण कफ फुफ्फुसात राहतो आणि हाडं तर पार वेगळी, असं मी धरून चालले होते. बरगडी मोडली की खोकता येत नाही, खोकता आलं नाही की कफ आत साचतो, आणि मग फुफ्फुसं धोक्यात येतात. तो महिना कसा काढला ते आमचं आम्हाला माहीत. बरगडी जुळल्यावर सुरतेच्या डॉक्टरीणबाईंनी हाडांची घनता मोजायला लावली. रिपोर्टमध्ये हाडं साठीच्या बाईसारखी निघाली. माझी तिच्यापेक्षा बरी असतील.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “उन्हात किती वेळ असता? चालणं किती? वजन काही उचलता?” मी उत्तर द्यायला लागले. त्या म्हणाल्या, “बाई, मी त्यांना विचारलं.” तुझी नात हसली. “मॅडम, हाडं माझी, पण फाइल आईची. तिलाच विचारा.” शेजारी तुझे जावई खिडकीबाहेर बघत बसले. मी आयुष्यभर वर्गात पोरांना गप्प केलं, त्या दिवशी मला कोणी तरी केलं.

तुला नंदुरबारचं घर आठवतं, मागे मिरचीची पथारी होती. हिवाळाभर लाल मिरची उन्हात पसरलेली, बाया ती उलथायला लागल्या की अख्ख्या गल्लीला ठसका. लहानपणीच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, धुळीपासून जपा आणि कडक उन्हाळ्यात हिच्या अंगातलं मीठ घामावाटे जास्त जातं, तेव्हा सांभाळा. त्यांचं म्हणणं एवढंच होतं. त्याचा नियम मी केला. हिवाळ्यात मिरची, उन्हाळ्यात ऊन, पावसाळ्यात ओल, संपलं वर्ष. पोर खिडक्या लावलेल्या खोलीत. आणि मी त्याच काळात आठवीच्या वर्गात फळ्यावर मुडदूस काढून दाखवत होते, वाकलेले पाय, खाली लिहायचं: ड जीवनसत्त्व सूर्यप्रकाशामुळे मिळते. दरवर्षी लिहिलं. सुंदर अक्षरात लिहिलं.

तू म्हसावदहून तिला सांभाळायला आलीस, ते मी शाळेत जाते म्हणून. मी गेल्यावर काय चालतं ते मला पुष्कळ दिवस कळलं नाही. एकदा प्रार्थनेनंतर लगेच सुट्टी झाली आणि मी नवाच्या आत घरी आले. जिन्यात ती उभी आहे, नऊ-दहा वर्षांची, कमरेवर तुझ्या रुखवतातली पितळी कळशी, अर्धी भरलेली. गच्चीवर डब्यांत तुम्ही दोघींनी मेथी लावली होती, तिला पाणी घालायला निघालेली. चढून दम लागलाय, खोकतेय, आणि तोंडभर हसतेय. तू वरच्या पायरीवर मीठ घातलेल्या ताकाचा पेला धरून बसलेली.

मी कळशी हिसकावली. पाणी जिन्यावर सांडलं.

“पथारीशेजारी पोरीला गच्चीवर नेतेस?”

“दव शे तवलगून मिरची उडत नही,” तू शांतपणे म्हणालीस. “बाया दहाले येतीन. तोपर्यंत आम्ही खाले.”

“आणि हे वजन?”

“आर्धीच शे. पोरले उनमा सोड, बाई. लोणचानी बरणी शे का ती, फडकं बांधीसन ठेवाले?”

तेव्हा मी तुला म्हणाले, तू चौथी शिकलेली, मला विज्ञान शिकवू नकोस. तू पेला खाली ठेवलास. “तुन्ही शाळा तठे, बाई. आठे मन्ही चालस,” एवढं म्हणून हसायचा प्रयत्न केलास. मी हसले नाही. गच्चीला कुलूप लावलं. मेथी चार दिवसांत वाळली, आणि पुढच्या आठवड्यात तू म्हसावदला निघालीस.

एक गोष्ट नीट सांगते. नुसतं ऊन न मिळाल्यानं हे झालं नाही, असं डॉक्टरीणबाई स्पष्ट म्हणाल्या. या आजारात स्निग्ध पदार्थ पचत नाहीत, त्यांच्यासोबत अंगी लागणारी जीवनसत्त्वं निसटतात. फुफ्फुसातली जुनी सूज हाडं खाते. वजन कमी राहतं. औषधांचाही वाटा असतो. मला रडूबिडू आलं नाही. दोषाची वाटणी करताना माझा वाटा मात्र मी कमी लावणार नाही. तुझ्या अर्ध्या कळशीला आता फिजिओथेरपिस्टकडे मोठं नाव आहे. वजन पेलून चालायचं, थोडं थोडं वाढवत, पाठ ताठ ठेवून. हाडावर भार आला तर हाड भरतं.

नेमणुकीचं पत्र वाचून मी सवयीनं “नाही” म्हणाले. डोंगर, चढण, जीपचे हेलकावे. ती म्हणाली, “आई, लोणखेड्याला शेतकी शिकायला पाठवलंस ते काय खिडकीतून शेत बघायला? बाजाराच्या दिवशी तिथल्या बायका डोक्यावर ओझं घेऊन डोंगर उतरतात. मी नुसती वही घेऊन चढेन.” डॉक्टरीणबाईंना फोन तिनंच केला. बरगडी जुळलीय, जाऊ शकते. औषधं चुकवायची नाहीत, श्वास लागला की थांबायचं, तपासणीला वेळेवर यायचं. मला फोन दिला नाही.

मुख्याध्यापक बदलला की शाळेतल्या एकेका वस्तूची चार्ज यादी होते, ते तू पाहिलं आहेस. मुख्याध्यापिका म्हणून मी चार्ज घेतला तेव्हा तू ओसरीत बसून विचारलं होतंस, “घंटाबी लिखनी का?” घंटासुद्धा लिहिली होती. मला दुसरी रीत येत नाही. म्हणून काल सकाळी ओट्यावर, उन्हात, दोघी बसलो, मी यादी केली आणि तिनं सही केली. “घेणार” लिहून पुढं हुद्दाही घातला, आगाऊ. मूळ प्रत तिच्याकडे आहे, तुझ्यासाठी उतरवून ठेवते. टपालात टाकायला पत्ता नाही, शिलाईच्या डब्यात राहील.

आजाराची फाइल, एक, सर्व रिपोर्टांसह. स्थिती: चांगली.

गोळ्यांचा डबा, एक. जेवणासोबतच्या कॅप्सूल, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम. स्थिती: भरलेला.

कळशी, पितळी, एक. स्थिती: तळाला पोचा, चिंचेनं घासलेली. शेरा: आजी म्हसावदला निघताना “मन्ही कळशी?” म्हणून दारात थांबली होती, तेव्हा सापडत नाही असं सांगितलं. कळशी हरवलेली नव्हती. माळ्यावर होती. ठेवणारी मी.