तीनदा विचारायचं असतं, ओर्सोला

पिएत्रारोस्सा, द्राक्षांची तोडणी आटोपल्यावर

त्रिएस्तेच्या मोठ्या बाईसाहेब, म्हणजे माझी धाकटी बहीण ओर्सोला, हिला थोरल्या इमाकोलाताचे पोटभर आशीर्वाद.

तुझे गुडघे कसे आहेत? तुमच्याकडचा तो वारा, वाळत घातलेले पलंगपोस समुद्रात नेऊन टाकणारा, यंदा सुरू झाला का? इकडे सगळं ठीक. माझा एक कान बंद पडलाय, पण तो मी आधीपासून सुनेसाठीच राखून ठेवला होता. हे पत्र आमचे पाद्री एजिदिओ लिहून घेताहेत. एरवी नात लिहिते, पण देबोरा नेपल्सला कॉलेजात परत गेली. (सुनेबद्दलचं वाक्य लिहिताना पाद्रीबाबा कुरकुरले. मी म्हटलं, बाबा, कबुलीजबाबात याहून वाईट ऐकता, तेव्हा नाही कुरकुरत.)

ईस्टरला तू लिहिलं होतंस, की नवरे दोघींचेही गेले, माझ्याकडे एक खोली रिकामी आहे, तर ताई, तू इकडेच येऊन राहा. मी कळवलं, नको गं, तुला कशाला त्रास. त्यावर तुझं उत्तर आलं, ‘बरं.’ पाद्रीबाबांनी ते वाचून दाखवलं तेव्हा मी त्यांना कागद उलटा करायला लावला, मागे काही आहे का म्हणून. मागे काही नव्हतं. आपल्या आईच्या पोटची मुलगी, आणि एका ‘नको’वर थांबते! पण ते असो. मी त्याबद्दल लिहीतच नाहीये. मी प्रवासाबद्दल लिहितेय.

तर देबोरा उन्हाळ्यात आली आणि म्हणाली, आजी, मी पाठीवर पिशवी टाकून फ्लॉरेन्स, सिएना, व्हेनिस बघायला चाललेय, चल माझ्याबरोबर. मी नको म्हटलं. ती म्हणाली, चल गं. मी म्हटलं, वेडी का काय. ती म्हणाली, तुझ्याशिवाय मी जातच नाही. (बघ, याला म्हणतात संस्कार.) मग काय, निघाले. तिने मलाही तसली पिशवी आणली, गाढवाच्या खोगिराला असतात तसे पट्टे असलेली. मी ती पाठीवर घेतली आणि अशी मागे गेले, की शेजाऱ्यांनी धरलं म्हणून वाचले. शेवटी घेतली डोक्यावर, चुंबळ करून, आपण झऱ्यावरून हंडे आणायचो तशी. आत पाव, सुकवलेले टोमॅटो आणि मुरवलेल्या चीजचा एक गोळा, बाळाएवढा. फ्लॉरेन्सच्या त्या थोरल्या देवळासमोर उभी राहिले, तर सगळे जर्मन लोक देवळाकडे पाठ करून माझेच फोटो काढायला लागले. देवळाला बिचाऱ्याला वाईट वाटलं असेल.

उतरलो तरुण पोरांच्या धर्मशाळेत. खाटा एकावर एक, बोटीत असतात तशा. माझ्या वरच्या खाटेवर हॉलंडची एक लांबलचक मुलगी होती, तिचे पाय खाली लोंबत होते. मला तुझे आठवले. एका खाटेवर निजायचो आपण, आणि तू तुझे बर्फासारखे पाय माझ्या पोटऱ्यांना चिकटवायचीस. तेव्हा मी चिमटे काढायचे. आता पोटऱ्या कोरड्या ठणठणीत उबदार असतात आणि झोप मात्र येत नाही. (पाद्रीबाबा म्हणतात, एवढं पायांबद्दल नको. मी म्हटलं, देवाच्या मुलाने बारा जणांचे पाय धुतले, तुम्ही दोन लिहा.)

धर्मशाळेच्या बाईंनी सकाळी विचारलं, आजी, गरम सूप देऊ? मी म्हटलं, छे छे, आत्ताच झालं. आपल्याकडे पहिल्यांदा असंच म्हणतात, दुसऱ्यांदा छातीवर हात ठेवतात आणि तिसऱ्यांदा खुर्ची ओढून जेवायला बसतात. बाई ‘बरं’ म्हणाली आणि पातेलं घेऊन गेली. मी छातीवर ठेवायला उचललेला हात तसाच हवेत! सिएनाला तर कहर. तिथला चौक बशीसारखा खोलगट आहे, सगळं गाव विटांवर बसकण मारून असतं. शेजारी एक कुटुंब कलिंगड कापत होतं. त्यातल्या सूनबाई म्हणाल्या, घ्या ना एक फोड. मी म्हटलं, नको, तुम्हीच खा. आणि त्यांनी खरंच खाल्लं, ओर्सोला! पांढरी साल दिसेपर्यंत खाल्लं. मी शेवटच्या बीपर्यंत बघत बसले. त्यानंतर सिएनाच्या संत कातेरीनाचं देवळात जपून ठेवलेलं शिर बघायला गेलो, पण माझ्या डोळ्यांसमोर कलिंगडच.

तेव्हा देबोराने मला बजावलं, आजी, इकडे लोक एकदाच विचारतात. पहिल्याच वेळी हो म्हणायचं, आणि नको म्हटलं तर ते खरंच नको. मी म्हटलं, मग माणसाला कळायचं कसं, समोरच्याला आपण खरंच हवे आहोत की नाही? तिने नकाशा उघडला. पण मी धडा घेतला. व्हेनिसला पोचलो, तर पाण्याच्या काठावर पट्ट्यापट्ट्यांचा बनियन घातलेला एक देखणा माणूस हात पुढे करून म्हणाला, या आजी, बसा नावेत. मी लगेच हो म्हटलं आणि बसले! देबोरा मागून ओरडत उडी मारून आली. नाव मधोमध गेल्यावर तिने भाडं विचारलं आणि पोरीचा चेहरा मैद्यासारखा झाला. तेवढ्या पैशांत आपल्याकडे खेचर येतं. आजीला हा पाहुणचार वाटला, असं तिने खरं ते सांगून टाकलं. तो मनुष्य एवढा हसला, की नाव डुलायला लागली. त्याने एक पैसा न घेता आम्हाला काठावर आणून सोडलं. मग मी आपली रीत म्हणून चीजचा गोळा पुढे केला, घ्या म्हटलं. त्याने घेतला! सबंध! पहिल्याच वेळी!

व्हेनिसच्या उरलेल्या मुक्कामात आम्ही नुसत्या पावावर होतो. आणि मी हरवले. तुला हसू येईल, पण एक बाई पुढे चालली होती, काळा कोट, डावा खांदा जरा वर, अगदी तुझी चाल. तुझं घर त्याच बाजूला दूर कुठेतरी आहे, म्हटलं आली असेल बाजाराला. पाट्या मला वाचता येत नाहीत, म्हणून मी तिचा खांदाच धरून ठेवला नजरेने आणि एका पुलावरून दुसऱ्या पुलावर जात राहिले. हाक मारली, ओर्सोला! तिने वळून पाहिलं. तिला मिशा होत्या. (तुला अजून नसतील, असं धरून चालते.) देबोरा शोधत आली तेव्हा मी एका विहिरीच्या कट्ट्यावर बसून रडत होते. तिला सांगितलं, चीजसाठी रडतेय.

परत निघताना स्टेशनात गाड्यांच्या वेळांची ती अक्षरांची फळी कोंबड्यांसारखी फडफडली. देबोराने वाचलं आणि म्हणाली, आजी, त्रिएस्तेची गाडी लागलीय, दुपारी पोचू. जायचं का मावशीआजीकडे? ओर्सोला, माझे पाय तिकडे वळलेसुद्धा होते. पण तोंडाची सवय. मी म्हटलं, नको गं, तिला कशाला त्रास. आणि पोरगी म्हणाली, ‘बरं.’ एवढ्याशा प्रवासात बिघडली! मी वाट पाहिली. बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली. म्हटलं, अजून विचारेल. तिने पाव आणायला पैसे मागितले. त्रिएस्तेची गाडी शिट्टी देऊन निघाली. शेवटच्या डब्यात एक बाई खिडकीशी बसून पीच सोलत होती, तिच्या समोरची जागा रिकामी होती.

तर असा प्रवास झाला, मजा आली. तू स्वतःला जप. रात्री लोकरीचे मोजे घाल.

तुझी, जशी होती तशीच,
इमाकोलाता
(सही म्हणून फुली आहे, ती माझीच. पाद्रीबाबांची फुली सरळ येते.)

ता. क. देबोराने कॉलेजला परत निघताना मला विचारलं, आजी, तू त्या दिवशी खरंच नको म्हणत होतीस ना? मी म्हटलं, हो तर. आता हिला पुन्हा घरचं वळण लावावं लागणार.

ता. क. त्या खोलीला खिडकी आहे का? सहज विचारतेय. कोंबड्या मी सुनेला देऊ शकते, तिने दोनदा मागितल्यात.

ता. क. पाद्रीबाबा म्हणतात, सरळ लिहा की मला यायचंय. असं कोणी लिहितं का? पण मी सत्त्याहत्तरची, तू सत्तरीची, आणि टपालाचं काही खरं नाही. म्हणून पुढचा नकार आत्ताच देऊन ठेवते: नको गं ओर्सोला, मी म्हातारी, तुझ्यावर ओझं होईन. झालं. ईस्टरचा एक आणि हा दुसरा. आता तू फक्त एकदा विचार.