मलम कशाचं होतं

नाशिक रोड
१२ फेब्रुवारी १९८४

प्रिय सरू,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न फाडता उघडलंस, तर आधी दार लोटून घे. सासूबाईंसमोर वाचण्यासारखं हे पत्र नाही.

आई गेली. सतरा जानेवारीला. वस्तीतले सगळे आले, बुद्धवंदना झाली, बायकांनी मला पोटाशी धरलं, आणि माझ्या डोळ्यांतून टिपूस निघेना. चौथ्या दिवशी मी शाळेत हजर. मुलांकडून तेराचा पाढा म्हणून घेते, घरी येते, भात लावते, तो करपतो. बाकी काही होत नाही. कशात जीवच राहिला नाही गं.

अध्यापक विद्यालयाचं वसतिगृह आठवतं? त्र्याहत्तरची थंडी. तुझ्या टाचांना अशा भेगा की तू भिंतीला धरून चालायचीस, आणि मी तुला ‘आली आमची बदकीण’ म्हणून चिडवायचे. शेवटी मीच आईच्या मलमाची डबी काढून दिली. आठ दिवसांत तू जिन्यावरून उड्या मारायला लागलीस. विचारलंस, कशाचं गं हे? मी म्हणाले, तिळाचं तेल, मेण आणि कापूर. कापूर तेवढा खरा होता.

ते बैलाच्या चरबीचं होतं, सरू. आई देवळाली कॅम्पातल्या खाटकाकडून चरबी आणायची. बारीक चिरायची, मंद आचेवर पाण्यात कढवायची, धडप्यातून गाळायची, पुन्हा कढवायची. मग कडुनिंबाचा पाला आणि कापूर. पांढरंशुभ्र व्हायचं, लोण्यासारखं. तिच्या माहेरी दिंडोरीकडे तिचा बाप गावाची मेलेली ढोरं ओढायचा. छप्पन साली दीक्षा घेतली आणि सगळं सुटलं. मलम तेवढं राहिलं. आमच्या कॉलनीतल्या एका शिकलेल्या मास्तरांनी तिला हटकलं, तेव्हा म्हणाली, “खायचं सोडलं, वढायचं सोडलं. पाय फुटल्यावर काय लावायचं ते तुमी सांगा, मी ते लावते.” पुढे त्यांचीच बायको डबी घेऊन जायला लागली.

मी मात्र तिच्याइतकी धीट नव्हते. तुला खरं सांगितलं असतं, तर तू पलंग दुसऱ्या खोलीत हलवला असतास असं मला वाटलं. कदाचित हलवला नसतास. ते आता कधीच कळणार नाही, कारण मी तुला विचारलंच नाही. आपल्या अंगाला काय लावायचं हे तुझं तू ठरवायचं होतंस. तो तुझा हक्क मी परस्पर खाल्ला.

आणि पुढचं त्याहून वाईट आहे. तुझं लग्न होऊन तू मखमलाबादच्या मळ्यात गेलीस, मी तुला भेटायला आले. सासूबाईंनी मला चहा दिला तो कान तुटलेल्या कपात, आणि जाताना तो माझा मलाच विसळायला लावला. तू खाली मान घालून शेवंतीच्या पाट्या भरत राहिलीस. महिन्याभराने तुझं पत्र आलं, सासूबाईंच्या पायांनाही मलम हवंय, फार गुण आला. मी डबी पाठवली, आणि खरं सांगते, हसत पाठवली. त्या डबीमागोमाग किती गेल्या! त्या बाईंचे पाय रोज कशाने चोपडले जातायत, या विचाराने मला गार वाटायचं. एवढी मी नीच.

मग तुला बेबी झाली. खवल्यासारखी कातडी घेऊन आलेलं ते पोर, थंडीत कोपराला, गुडघ्याला चिरा पडून रक्त यायचं. डॉक्टर थकले आणि मलम लागू पडलं. तेव्हा माझं हसू पार आटलं. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण सांगितलं तर मलम बंद होणार आणि पोर रडणार, अशी मी स्वतःची समजूत घातली. चांगुलपणाची सबब मिळाली की खोटं बोलणं फार सोपं होतं.

आई दर वेळी डबी भरताना मला विचारायची, “सांगितलंय ना त्यांना, कशाचं हाय ते?” एकदा कंटाळून मी हो म्हणून टाकलं. सांगितलंय, त्यांना चालतं. सरू, तिचा हात थांबला. मग वस्तीभर सांगत सुटली, “माळ्याच्या घरात माझी डबी जाती. त्यांना ठाव हाय कशाची ते. तरी लेकराला लावत्यात.” बाहेर मोठं काय बदललं ते तिला भाषणांतून कळायचं. हे मात्र तिच्या हातचं होतं. बेबीसाठीची चरबी ती तीनदा गाळायची.

गेल्या साली पावसाळा सरता सरता पेपरात तुपातल्या चरबीची बोंब उठली. सासूबाईंनी डालड्याचे डबे उकिरड्यावर फेकून गोदावरीत डुबकी मारली, हे तूच गमतीने लिहिलं होतंस. त्यानंतर दिवाळीच्या सुमाराला तुझं कार्ड आलं, बेबीला फार चिरा पडल्यात, लवकर पाठव. मी शिबिरासाठी चांदवडला होते. आईने शेजारणीकडून कार्ड वाचून घेतलं आणि डबी घेऊन स्वतःच मखमलाबादची बस पकडली. तिच्या मते लपवण्यासारखं काही नव्हतंच.

मी परतले तेव्हा ती ओट्यावर बसली होती. डबी शेजारी, काठोकाठ भरलेली. विचारलं तर एवढंच म्हणाली, “पोरगी बरी व्हईल.” तुमच्या शेजारच्या वत्सलाबाई माझ्याच शाळेत शिकवतात. त्यांच्याकडून कळलं की आईच्याच तोंडून चरबीचं कळलं, आणि ती निघून आल्यावर अंगण गोमूत्राने धुतलं, बेबीला न्हाऊ घातलं, तिची गोधडी जाळली. बेबी भीतीने रडत होती म्हणे. त्यानंतर तुझं पत्र नाही, आणि तुला दोष द्यायला मला तोंड नाही.

आईने पुन्हा चरबी आणली नाही. डबी मोरीत रिकामी केली. या थंडीत तिच्या टाचा उलल्या, तरी ती काही लावेना. मी साधं खोबरेल घेऊन बसले, तर तिने पाय पोटाशी ओढून घेतले. एका भेगेत पू झाला, ताप चढला, दवाखान्यात नेईपर्यंत विष अंगभर गेलं होतं. शेवटचे दोन महिने ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. तू जेवली का, दार लाव, असं.

क्षमा मागायला मी हे लिहीत नाही. ती तू केलीस तरी मला कुठे ठेवायची ते कळणार नाही. मला एकच विचारायचंय, आणि ते सांगू शकेल असं जगात तुझ्याशिवाय कुणी नाही, कारण अंगणात तू उभी होतीस. सासूबाई तिला काय बोलल्या ते नको सांगूस, ते मी रोज मनातल्या मनात ऐकते. मलम कशाचं हे तुम्हाला कधी सांगितलंच नव्हतं, असं त्या दिवशी तिच्यासमोर कुणी बोललं का? मी तिला फसवलं, हे कळून माझी आई तुझ्या अंगणातून निघाली का? हो की नाही, एवढंच एका कार्डावर लिही. तुझं नाव घालू नकोस. अक्षर मी ओळखेन.

हे म्हणायचा अधिकार अजून असलाच तर,
तुझीच,
नवसा