दादा, आज मी बोट वर केलं

कोळवण, रविवार दुपार

प्रिय दादा,

आज सकाळी मॅच झाली. ऊन बरं होतं. आपण हरलो. तू गेल्यानंतर आपल्या खाचरातली ही पहिलीच मॅच, म्हणून लिहितोय. एरवी मला साधा अर्ज लिहायचाही कंटाळा.

पहिला प्रश्न अंपायरचा. भात निघालं की तुझं खाचर हे क्लबचं मैदान, भात झोडायचं खळं ही पिच, आणि जागा तुझी म्हणून बोटही तुझं. स्वतः बॅटिंग करतानाही अंपायर तूच. "पायचीत हितं न्हाई," हा नियमही फक्त तू खेळत असताना. कुणी तक्रार केली की म्हणायचास, "मग तुमच्या खाचरात खेळा की." शोभत होतं का रे हे?

आज पोरं म्हणाली, "काका कुणाशी भांडत न्हाईत, त्यांनाच उभं करा."

तेवढ्यात एक गाडी आली. पुण्याचे साहेब, फार्महाउससाठी तुझं खाचर बघायला. पोरं बांधावर गोळा झाली. बाकी सगळीकडे कुंपणं झालीत, हेही गेलं तर खेळायचं कुठं? आणि विकायचं की नाही, ते वहिनीच्या हातात.

वहिनी खळं सारवत होती. झोडणी संपल्यावर पुन्हा सारवलं नाही तर पुढच्या साली भात कमी येतं, असं तूच तिला सांगून ठेवलेलंस. तिला ते पटलंय, असं तुला शेवटपर्यंत वाटत होतं ना?

साहेब म्हणाले, "मावशी, जरा बोलायचं होतं."

"आदी बुटं काढा. पिच वली हाय."

खळं नाही, पिच म्हणाली ती, दादा.

साहेब बूट हातात घेऊन बांधावर उभे राहिले. वहिनीनं मान वर न करताच सांगितलं, "इकायचं न्हाई. ह्यांनी थापा लई मारल्या, पण पोरांना जागा ठेवली. मी हाय तवर सारवीन."

पिच वाळल्यावर मॅच सुरू झाली. चेंडू तुझ्या सुरेशच्या पायावर बसला, अगदी स्टंपसमोर. तो मला म्हणाला, "काका, पायचीत हितं न्हाई."

मी बोट वर केलं. तो अजून माझ्याशी बोलत नाही. वहिनी मात्र बांधावरून म्हणाली, "बापाला बी द्याया पायजे व्हतं."

यापुढे अंपायर मीच उभा राहीन, आणि आपल्या माणसालाही आउट देईन. वर भेटलास तर तुलाही.

पळापळीत बांध ढासळलाय. पोरं जेवायला गेली. मॅचनंतर तो तूच नीट करायचास. फावडं घेऊन निघतो.

तुझा धाकटा,
बाळू