मधाची बाटली मोरीत ओतली आहे

आई,

मधाची बाटली मी मोरीत ओतली आहे, शोधत बसू नकोस.

काल शिवणाच्या दुकानात मी नव्या कोटाची काजं भलत्याच बाजूला कापली. मास्तर ओरडले नाहीत. त्यांनी माझ्या हातातली कात्री काढून घेतली आणि म्हणाले, "उद्यापासून नको येऊस, पोरी." तिथून मी थेट डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. डोळ्यांत दाब वाढलाय, डाव्या डोळ्याचं गेलं ते आता परत येणार नाही, असं ते म्हणाले. वर्षभर आधी आले असते तर औषधाच्या थेंबांनी थांबलं असतं.

वर्षभर आधी मी जाणारच होते. तू म्हणालीस, "या वयात चष्मा लागला की स्थळं यायची बंद होतील." मग रोज सकाळी माझं डोकं मांडीवर घेऊन तू डोळ्यांत मध घालायचीस. मी कळवळले की म्हणायचीस, "झोंबतंय म्हणजे गुण येतोय." मायेनेच केलंस, मला ठाऊक आहे. तरी मी तुला माफ केलेलं नाही, आणि करेन असं वाटतही नाही.

आता दवाखान्यात निघाले आहे. मागून येऊ नकोस. आलीस तर काय घातलंस ते सगळ्यांसमोर सांगेन.

धाकटीला बरोबर नेते आहे. तिलाही फळ्यावरचं दिसेनासं झालंय. बाकावरच्या शेजारणीच्या वहीतून उतरवून घेते बिचारी. तुला सांगू नको, अशी तिने मला शपथ घातली होती.